आकडा ठेवलात, पद्धत कापलीत: हृदयसंशोधनाच्या नियतकालिकांच्या संपादकांना खुलं पत्र

संपादक आणि परीक्षक मंडळींना,

सादर नमस्कार.

आमचा एक शोधनिबंध नुकताच स्वीकारला गेला. स्वीकृतीच्या पत्रात अट होती की पद्धतीचा भाग निम्म्यावर आणा. आम्ही आणला. उंदरांना भूल कशाची आणि किती दिली, मोजताना त्यांच्या अंगाचं तापमान किती होतं, कॅथेटर, म्हणजे मोजमापाची बारीक नळी, कोणत्या वाटेने हृदयात नेला, व्हॉल्यूमचं, म्हणजे हृदयातल्या रक्ताच्या घनफळाचं, कॅलिब्रेशन (यंत्राचा आकडा खऱ्या मापाशी जुळवणं) कसं केलं, किती प्राणी मध्येच दगावले, हे सगळं त्यात गेलं. त्या जागी एक वाक्य आलं: 'प्रेशर-व्हॉल्यूम मोजमाप मानक पद्धतीने केले.' शेजारी एका जुन्या निबंधाचा संदर्भ क्रमांक. निष्कर्षांतला एकही आकडा मात्र कापायला कुणी सांगितलं नाही. चर्चेच्या भागात तर औषधाच्या भवितव्याबद्दल आणखी थोडं लिहा, अशी सूचना होती.

त्या नियतकालिकाचं नाव मी घेत नाही. एका संपादकावर राग काढून काही साधणार नाही, कारण ही सवय एका नियतकालिकाची नाही. ज्यांना हृदयसंशोधनाशी काही देणंघेणं आहे अशा सर्वांनी हे वाचावं, म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे.

मी शास्त्रज्ञ म्हणून ओळखली जाणारी व्यक्ती नाही. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. निबंधांच्या लेखकांत माझं नाव कधी मधोमध असतं, कधी आभारात. पण तुम्ही छापता तो 'इजेक्शन फ्रॅक्शन'चा (कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं), 'डीपी/डीटी'चा (दाब चढण्याचा वेग), 'एंड-सिस्टॉलिक इलॅस्टन्स'चा (स्नायूची स्वतःची ताकद) आकडा माझ्यासारख्या कुणाच्या तरी हातातून येतो. आणि तो येतो तेव्हा टेबलावरचा प्राणी परत शुद्धीवर येणार नसतो. व्हॉल्यूम मोजणारा कॅथेटर घालून केलेली ही तपासणी बहुतेक वेळा त्या प्राण्याची शेवटचीच असते. भुलीतच मोजमाप होतं आणि भुलीतच त्याचा शेवट केला जातो. म्हणजे एका प्राण्यामागे एकच संधी. त्या संधीतून निघालेल्या आकड्याचा अर्थ लावायला लागणारी माहिती तुम्ही शब्दमर्यादेसाठी कापता, तेव्हा काय कापलं जातं हे सांगणं मला भाग आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उंदराचं वजन २० ते ३० ग्रॅम. त्याचं हृदय जागेपणी मिनिटाला ५०० ते ७०० वेळा धडधडतं, म्हणजे एक ठोका साधारण एका सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतो. हृदयाचा जो कप्पा रक्त सगळ्या शरीरात ढकलतो, तो लेफ्ट व्हेंट्रिकल, पूर्ण भरला तरी त्यात काही दशक मायक्रोलिटर (मिलिलिटरचा हजारावा भाग) रक्त मावतं, जेमतेम एक थेंब. त्यात जाणारा कॅथेटर अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतो. त्याच्या टोकाशी दाब मोजणारा सेन्सर आणि आजूबाजूला इलेक्ट्रोडची कडी. बाहेरच्या कड्यांमधून क्षीण विद्युतप्रवाह सोडायचा, आतल्या कड्यांवर व्होल्टेज मोजायचं, आणि त्यावरून कप्प्यात त्या क्षणी किती रक्त आहे याचा अंदाज बांधायचा. दाब एका अक्षावर, घनफळ दुसऱ्यावर. प्रत्येक ठोक्याला पडद्यावर एक चौकोनी फेरा उमटतो. तो म्हणजे प्रेशर-व्हॉल्यूम लूप.

ही कल्पना जुनी आणि भक्कम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओटो फ्रँक यांनी बेडकाच्या हृदयावर दाब आणि घनफळ यांचं नातं मांडलं. १९७०च्या दशकात हिरोयुकी सुगा आणि किइची सागावा यांनी कुत्र्याच्या हृदयावर काम करून दाखवलं की वेगवेगळ्या ठोक्यांतल्या आकुंचनाच्या शेवटच्या बिंदूंची रेषा किती तिरकी आहे त्यावरून स्नायूची स्वतःची ताकद कळते, मग हृदयात रक्त कमी येवो वा जास्त. १९८४ साली यान बान आणि त्यांच्या लायडनच्या सहकाऱ्यांनी कंडक्टन्स कॅथेटरने घनफळ मोजण्याची रीत मांडली, आणि १९९८ साली ती उंदरापर्यंत पोचली. पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. स्नायूची ताकद आणि त्यावर पडणारा भार वेगळे करून दाखवणारं दुसरं इतकं चांगलं साधन माझ्या माहितीत नाही. तक्रार आहे ती तिचे आकडे तुम्ही ज्या तऱ्हेने छापता त्याबद्दल.

पहिली तक्रार त्या वाक्याबद्दल. 'मानक पद्धतीने.' कोणती? कॅथेटर डाव्या व्हेंट्रिकलमध्ये न्यायच्या निदान दोन वाटा आहेत. एक म्हणजे मानेतल्या उजव्या कॅरोटिड धमनीतून उलट्या दिशेने, महाधमनीच्या झडपेतून आत. यात छाती बंद राहते. दुसरी म्हणजे छाती उघडून हृदयाच्या टोकाला सुईने भोक पाडून थेट आत. पहिल्या वाटेत झडपेतून कॅथेटर आरपार असतो आणि उंदराची महाधमनी मुळात एक ते दीड मिलिमीटरची. दुसऱ्या वाटेत श्वास यंत्राने द्यावा लागतो, छातीतला नैसर्गिक ऋण दाब नाहीसा होतो, हृदयाभोवतीचं आवरण बहुधा उघडलेलं असतं, आणि रक्त जातं. उंदराच्या अंगात सगळं मिळून दोन मिलिलिटरच्या आसपास रक्त. चार थेंब सांडले की दहावा हिस्सा गेला. माणसाच्या हिशेबात अर्धा लिटर. या दोन वाटांनी काढलेले आकडे शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत, तरी तुमच्या पानांवर ते एकाच तक्त्यात तुलनेला येतात, कारण वाट कोणती ते लिहिलेलंच नसतं. संदर्भ क्रमांकाचा माग काढत गेलं तर तो आणखी जुन्या निबंधाकडे बोट दाखवतो, तो त्याहून जुन्याकडे, आणि शेवटी कधी कधी रॅटवर, म्हणजे उंदराहून कितीतरी मोठ्या प्राण्यावर, केलेलं काम हाती लागतं. आम्ही उंदरावर काम करत असतो.

दुसरी तक्रार भुलीबद्दल, आणि इथे मला थोडं थांबावंसं वाटतं.

झोपलेल्या हृदयाचा आकडा हा नेहमीच औषधाखालच्या हृदयाचा आकडा असतो. केटामीन आणि झायलाझीन हे जोडऔषध स्वस्त आहे, इंजेक्शनने देता येतं, यंत्र लागत नाही. पण झायलाझीनमुळे ठोके इतके मंदावतात की सहाशेच्या जागी तीनशेच्या घरात येतात. आयसोफ्लुरेन या श्वासातून द्यायच्या भुलीवर ठोके बरे टिकतात, म्हणून आम्ही ते वापरतो. पण तेही निर्दोष नाही. प्रमाण वाढवलं की रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, स्नायूही मंद होतो. एक टक्क्यावर मोजलेला उंदीर आणि अडीच टक्क्यांवर मोजलेला उंदीर यांच्यात जो फरक दिसतो तो औषधाचा, की आजाराचा, की भुलीचं प्रमाण ठरवणाऱ्या माझ्या व्हेपोरायझरच्या चकतीचा? निबंधात टक्केवारी लिहिली असेल तरच वाचणारा हे विचारू शकतो.

तापमानाचंही तेच. एवढासा जीव, वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा, त्यात केस काढलेले, छाती किंवा पोट उघडं. गरम पॅडशिवाय तो बघता बघता गार पडतो, आणि गार पडला की ठोके उतरतात. गुदाशयातला तापमापक ३७ अंश दाखवतोय की ३४, यावर निकाल ठरतो. मला कधी कधी वाटतं की तुमच्या निबंधांतल्या कितीतरी 'कमजोर हृदयां'ना खरं तर नुसती ऊब कमी पडली असेल. हे सिद्ध करता येत नाही, कारण तापमान छापलेलंच नसतं. निदान ठोक्यांचा वेग तरी प्रत्येक तक्त्यात हवा. तो एक आकडा दिसला की मागचं बरंच काही जाणत्याला कळतं. मिनिटाला २८० ठोके असलेल्या उंदराची डीपी/डीटी मी गांभीर्याने घेत नाही, कुणीच घेऊ नये. तो आकडाही गाळण्याची मुभा तुम्ही देता.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी. ती घनफळाच्या कॅलिब्रेशनबद्दल आहे.

कॅथेटर घनफळ मोजत नाही. तो विद्युतवहन मोजतो. आणि वीज काही फक्त रक्तातून जात नाही, ती हृदयाच्या भिंतीतूनही जाते, आजूबाजूच्या ऊतींतूनही जाते. त्या वाटेने आलेला भाग, ज्याला पॅरलल कंडक्टन्स म्हणतात, वजा केल्याशिवाय घनफळ म्हणून काही सांगणं म्हणजे भांड्यासकट दूध तोलून सगळा आकडा दुधाच्या नावावर लिहिणं. वजाबाकीसाठी एक जुनी युक्ती आहे. अतिशय खारट सलाइनचे काही मायक्रोलिटर शिरेतून द्यायचे. काही ठोक्यांपुरती रक्ताची वहनशक्ती वाढते, भिंतीची तेवढी वाढत नाही, आणि त्या बदलावरून भिंतीचा वाटा काढता येतो. शिवाय त्याच प्राण्याचं कोमट रक्त ठरावीक व्यासाच्या बारीक छिद्रांत भरून, कोणत्या घनफळाला कॅथेटर किती आकडा दाखवतो हेही पाहावं लागतं. रक्त गोठायच्या आणि गार व्हायच्या आत. नुसतं छिद्रांचं कॅलिब्रेशन केलं तर भिंतीचा प्रश्न तसाच राहतो, नुसतं सलाइन दिलं तर एककांचा प्रश्न राहतो. नवीन यंत्रं ॲडमिटन्स पद्धतीने, म्हणजे सिग्नलच्या कलेतला (फेजमधला) फरक पाहून, रक्त आणि स्नायू ठोक्यागणिक वेगळे करतात. चांगली सोय आहे, पण तिथेही स्नायूच्या गुणधर्माचे काही स्थिरांक कुणीतरी भरलेले असतात. कोणते, ते लिहायला हवं.

हे न केल्यास काय होतं ते साध्या गणिताने दाखवते. समजा उंदराच्या डाव्या व्हेंट्रिकलमध्ये भरतेवेळी खरोखर ४० मायक्रोलिटर रक्त आहे आणि आकुंचनानंतर १६ उरतं. बाहेर पडलं २४, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. ठणठणीत हृदय. आता भिंतीच्या वाट्याचे २० मायक्रोलिटर वजा करायचे राहिले असं धरा. आकडे होतील ६० आणि ३६. बाहेर पडलं तेच २४, पण इजेक्शन फ्रॅक्शन ४० टक्के. तोच उंदीर, तोच ठोका, आणि कागदावर त्याला हार्ट फेल्युअर झालं. यात कुणाची लबाडी नाही. एक पायरी गाळली, आणि ती गाळल्याचं कुणाला दिसलं नाही. त्याहून वाईट असं की जाड झालेल्या भिंतीच्या हृदयात आणि पातळ झालेल्या भिंतीच्या हृदयात हा वाटा सारखा नसतो. म्हणून 'दोन्ही गटांत चूक सारखीच आहे, तुलना तरी बरोबर' ही पळवाटही बंद आहे. नेमके हेच दोन गट आपण तुलनेला घेतो.

आणि तरी कॅलिब्रेशनचा अवाक्षर उल्लेख नसलेल्या निबंधांत अक्षावर 'मायक्रोलिटर' असं दिमाखात छापलेलं मी पाहते. यंत्राच्या पडद्यावर कॅलिब्रेशनआधी जे एकक असतं ते सापेक्ष असतं. ते पुसून मायक्रोलिटर लिहायला कीबोर्डची दोन बटणं पुरतात. परीक्षकांपैकी कुणी विचारलं का, कसे आले हे मायक्रोलिटर?

चौथी गोष्ट दगावलेल्या प्राण्यांची. हे काम नाजूक आहे. कॅथेटर झडपेतून जाताना काहींची लय बिघडते, काहींचं रक्त जातं, काही भुलीतच जातात. यात लपवण्यासारखं काही नाही. पण निबंधात फक्त 'प्रत्येक गटात सहा' एवढंच राहतं. समजा दोन्ही गटांत दहा दहा प्राणी होते. औषध न दिलेल्या आजारी गटातले चार टेबलावर गेले, औषध दिलेल्यांतला एक. उरले सहा आणि नऊ. जे चार गेले ते बहुधा सगळ्यात कमजोर होते. म्हणजे आजारी गटाचं सरासरी चित्र आपोआप सुधारलं, आणि औषधाचा गुण होता त्याहून फिका दिसला. दुसऱ्या प्रयोगात हाच खेळ उलटाही होऊ शकतो. किती घेतले, किती गेले, कोणत्या टप्प्यावर गेले, किती जणांचा सिग्नल खराब म्हणून सोडला आणि तो सोडताना कोणता प्राणी कोणत्या गटाचा हे माहीत होतं का, इतकं लिहायला चार ओळी लागतात. आमच्या त्या चार ओळी कापल्या गेल्या. टेबलावर गेलेल्या प्राण्यांची नोंद माझ्या वहीत आहे. तुमच्या पानावर ते जन्मलेच नाहीत.

पाचवी, लहान. आकडेमोडीत नमुने मोजताना एका उंदराचे दोनशे ठोके म्हणजे दोनशे उंदीर नव्हेत. हे अजूनही सांगावं लागतं.

सहावी, त्याहून लहान पण दुर्लक्ष करण्याजोगी नाही: 'सी५७बीएल/६ उंदीर' (प्रयोगशाळेतल्या उंदरांचा एक वंश) एवढंच लिहून भागत नाही. त्याच्या 'जे' उपवंशात मायटोकॉन्ड्रियातल्या एका एन्झाइमचं जनुक, 'एनएनटी', तुटलेलं आहे, 'एन' उपवंशात ते शाबूत आहे. हृदयाच्या स्नायूला ऊर्जा कुठून मिळते हे आठवा, मग पुढचं अक्षर का हवं ते कळेल. नर की मादी, वय किती, हेही त्याच ओळीत.

सातवी तक्रार चित्राबद्दल. प्रत्येक निबंधात एक 'प्रातिनिधिक लूप' असतो. सुबक, चारी कोपरे नीट, अधोमहाशिरा (खालच्या अंगातून हृदयात रक्त आणणारी शीर) क्षणभर दाबल्यावर डावीकडे सरकत जाणाऱ्या लूपांची देखणी रांग. तो कसा निवडतात ते मला विचारा. त्या दिवशीचा सगळ्यात सुंदर लूप निवडतात. यात मीही आनंदाने भाग घेते, सुंदर लूप दिसला की कुणालाही तो दाखवावासा वाटतो. पण वाचकाच्या कामाचे असतात ते बाकीचे: कॅथेटर भिंतीला टेकल्याने कोपरा चेपलेले, एक इलेक्ट्रोड महाधमनीत सरकल्याने वर शेपूट फुटलेले, आकुंचनाच्या शेवटी भिंतीने कॅथेटरचं टोक चिमटल्यामुळे दाबाचा अणकुचीदार सुळका आलेले. अशा लूपांवरूनही सॉफ्टवेअर आकडे काढून देतं. सॉफ्टवेअर कधी नाही म्हणत नाही. शिरा दाबून धरली तो काळ लांबला की शरीर प्रतिक्षिप्त क्रियेने ठोके वाढवू लागतं, आणि त्या रेषेचा तिरकेपणा मग निव्वळ स्नायूचा राहत नाही. हे सगळं लूप पाहिल्यावर जाणत्याला अर्ध्या मिनिटात कळतं, सरासरी आणि त्रुटीची दांडी (एरर बार) पाहून जन्मात कळत नाही. दर सेकंदाला किती नोंदी घेतल्या हेही असंच. सेकंदाला हजार घेतल्या तर उंदराच्या एका ठोक्याला शंभर बिंदू मिळतात, दोनशे घेतल्या तर वीस. दाब चढण्याचा सर्वाधिक वेग वीस बिंदूंतून काढलाय की शंभरातून, हे मला वाचक म्हणून माहीत असायला हवं.

आठवी तक्रार थेट परीक्षकांना. 'लेखकांनी प्रेशर-व्हॉल्यूम विश्लेषणाची जोड द्यावी' हे एक वाक्य तुम्ही लिहिता आणि पुढच्या निबंधाकडे वळता. इकडे त्या वाक्याचा अर्थ होतो प्राण्यांचा नवा गट, नवं परवानगीपत्र, आणि टेबलावर संपणारे आणखी जीव. कधी ती मागणी अगदी योग्य असते. भार बदललाय की स्नायू, हा प्रश्न असेल तर इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, भागणार नाही, कॅथेटरच हवा. पण कितीतरी वेळा प्रश्न एवढाच असतो की हृदय आठ आठवड्यांत फुगलं का, आणि त्याला इको पुरतो, तोही त्याच प्राण्यावर पुन्हा पुन्हा करता येतो. कॅथेटरचा आकडा 'जास्त वजनदार' दिसतो म्हणून मागू नका. मागायचाच असेल तर कोणत्या प्रश्नासाठी ते लिहा. आणि मागून मिळालेला आकडा कॅलिब्रेशनशिवाय असेल तर तो मागण्यात काय मिळवलंत?

तुमचं उत्तर काय असेल याची मला कल्पना आहे. जागा नसते. छापील पानं मोजावी लागत होती तेव्हा हे खरं होतं. आता निबंध बहुतांशी पडद्यावर वाचले जातात. दुसरं उत्तर असेल की आम्ही प्राणीप्रयोगांच्या नोंदींची ॲराइव्ह सूची भरून घेतोच. ही मार्गदर्शक तत्त्वं २०१० साली आली, २०२० साली सुधारली गेली, आणि त्यांतल्या दहा अत्यावश्यक बाबींत प्राण्यांची संख्या, वगळण्याचे निकष, यादृच्छिक वाटप, प्राण्यांचा तपशील हे सगळं आहे. सूची भरताना आम्ही प्रत्येक बाबीपुढे पान क्रमांक लिहितो. ते पान तुमच्याच सांगण्यावरून नंतर कापलं गेलं, तरी सूचीतला क्रमांक तसाच राहतो. आमच्या बाबतीत तसंच झालं.

१७३३ साली स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त काचेच्या नळीत आठ फुटांहून वर चढलेलं नोंदवलं. रक्तदाबाचं ते पहिलं थेट मोजमाप मानतात. आज तो प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, शस्त्रक्रियेसाठी भूल देणं तेव्हा रूढच नव्हतं. पण त्या नोंदीत घोडीची उंची आहे, वय आहे, तिला कोणता आजार होता ते आहे, अंगाने ती कशी होती तेही आहे. जवळजवळ तीनशे वर्षांनी, एका ठोक्यात शंभर बिंदू टिपणारी यंत्रं हाताशी असताना, प्राण्याबद्दल त्याहून कमी लिहिलेले निबंध छापले जातात.

१९५९ साली रसेल आणि बर्च यांनी प्राणीप्रयोगांसाठी तीन तत्त्वं मांडली: पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. परवानगी देणाऱ्या समित्या आमच्याकडून या तिन्हींचा हिशेब घेतात, आणि घ्यायलाच हवा. पण ज्या निबंधात मोजमाप कसं केलं तेच नाही, तो प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेला पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. समितीने वाचवलेले प्राणी तिथे खर्ची पडतात, आणि तो खर्च कुणाच्याच नावावर लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

१. पद्धतीचा भाग शब्दमर्यादेत धरू नका. वाचकाला नको असेल तर तो मिटून ठेवता येईल अशी सोय करा, पण मूळ निबंधातच ठेवा.

२. कॅथेटरने केलेल्या प्रत्येक मोजमापासोबत एक सक्तीचा तक्ता घ्या: वंश आणि उपवंश, लिंग, वय, वजन, भुलीचं औषध आणि मोजतानाचं प्रमाण, शरीराचं तापमान, ठोक्यांचा वेग, छाती उघडी की बंद, कॅथेटरचा आकार, सेकंदाला नोंदी किती, कॅलिब्रेशन कसं.

३. पॅरलल कंडक्टन्स कसा काढला हे सांगितलेलं नसेल तर अक्षावर मायक्रोलिटर छापू देऊ नका, आणि अशा घनफळावरून काढलेलं इजेक्शन फ्रॅक्शनही छापू देऊ नका.

४. सुरुवातीला घेतलेल्या प्रत्येक प्राण्याचा शेवटपर्यंतचा हिशेब, गटवार.

५. सगळ्या प्राण्यांचे लूप पुरवणीत, आणि मूळ नोंदींच्या फाइल्स कुणालाही उघडता येतील अशा ठिकाणी.

६. परीक्षकांपैकी निदान एकाने हे मोजमाप स्वतःच्या हाताने केलेलं असावं. तंत्रज्ञांनाही परीक्षक म्हणून बोलवा. पदवी कमी असेल, पण चेपलेला लूप आम्हाला तुमच्याआधी दिसतो.

७. नवे प्राणी लागतील अशी मागणी परीक्षकाने केली तर तिचं कारण लेखी घ्या, आणि संपादकाने ती मान्य केल्याशिवाय लेखकांकडे पाठवू नका.

यातली तिसरी आणि चौथी मागणी अमलात आणायला बैठक लागत नाही, लेखकांसाठीच्या सूचनांत दोन ओळी घालाव्या लागतात. पाचवीला खर्च आणि वेळ लागेल हे मान्य आहे, तिच्यासाठी मुदत तुम्हीच ठरवा आणि जाहीर करा. सहावीबद्दल काहींचं दुमत असेल. असेल तर तसं छापा, कारणासह. आमच्या निबंधातला कापलेला भाग आणि सगळ्या प्राण्यांचे लूप मागेल त्याला द्यायला आमचा गट तयार आहे, बिघडलेल्या लूपांसह. तो भाग मूळ निबंधाला जोडून घ्या, अशी लेखी विनंती आम्ही संबंधित संपादकांना केली आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.

आपली,
हृदयाच्या प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ